पण त्याने लिहिलं काय?

इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक गेला त्या आठवड्यात, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, आमच्या गाणीवेड्या मंडळींच्या ग्रुपवर रीतसर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. कोणी व्हिडिओ टाकले, कोणी "एका पर्वाचा अंत" टाकलं (हे लोकांनी कीबोर्डमध्ये सेव्हच करून ठेवलेलं असतं), आणि मग एकाने मधेच पिल्लू सोडलं, की बोटं अफाट होती, मान्य, पण माणसाने लिहिलं काय? हेंड्रिक्सने लिहिलं, पीट टाउनशेंडने लिहिलं, जिमी पेजने लेड झेपलिन बँड उभं केलं, हा नुसता वाजवत राहिला. त्यावरून पुढे जी काय जुंपली ती विचारू नका.

मी त्यात फारसा पडलो नाही, मोबाइलवर एवढं टाइप कोण करणार. पण तो "नुसता" डोक्यात बसला. वाजवणाऱ्याला नुसता वाजवणारा आणि गाणाऱ्याला नुसता गाणारा म्हणायची ही रॉकवाल्यांची पद्धत आली कुठून?

कारण आपल्याकडच्या कानाला हा प्रश्न खरं तर पडतच नाही. १९१६ च्या 'स्वयंवर'ची पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, पण त्या काळी थिएटरात बसलेल्या माणसाला विचारलं असतं ही गाणी कोणाची, तर तो बालगंधर्वांची म्हणून मोकळा झाला असता. 'इंद्रायणी काठी' ऐकताना निम्म्या लोकांना तो एखाद्या संताचा अभंगच वाटतो, शब्द गदिमांचे आणि चाल पुलंची आहे हे सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरही ते गाणं भीमसेनजींचंच राहतं. लताबाईंनी गीतं लिहिली नाहीत म्हणून त्यांना कोणी अर्धे मार्क दिल्याचं ऐकलंय का? ख्यालात तर बंदिश दोन ओळींची, तीही बरेचदा दोन-अडीचशे वर्षं जुनी, आणि तिच्यावर तासभर जे काय होतं ते सगळं गाणाऱ्याचं. तिथे "पण लिहिलं काय" विचारणाऱ्याला बैठकीतून उठवतील.

रॉकमध्येही हे पहिल्यापासून नव्हतं. एल्विसने शेकडो गाणी रेकॉर्ड केली, त्यातलं खऱ्या अर्थाने स्वतः लिहिलेलं जवळजवळ काही नाही. गंमत म्हणजे काही गाण्यांवर लेखक म्हणून त्याचं नाव सापडतं. 'डोन्ट बी क्रूअल' ओटिस ब्लॅकवेलने लिहिलं, नाव दोघांचं. व्यवहार सरळ होता, एल्विसने गायला हवं असेल तर हक्कातला वाटा सोडा. पुढे सत्तरच्या दशकात डॉली पार्टनच्या 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'साठी त्याच्या मॅनेजरने असाच निम्मा वाटा मागितला, तिने जड मनाने नाही म्हटलं, आणि १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायल्यावर तिच्या त्या नकाराची किंमत जगाला कळली. म्हणजे लेखकाच्या रकान्यात कोणाचं नाव येतं ही गोष्ट तेव्हापासूनच कलेइतकीच हिशेबाची होती.

मग बॉब डिलन आणि बीटल्स आले आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. आता स्वतःचं गाणं स्वतः लिहिणं हा खरेपणाचा पुरावा ठरला. रोलिंग स्टोन्स सुरुवातीला दुसऱ्यांचे ब्लूज वाजवत होते, त्यांच्या मॅनेजरने, अँड्र्यू ओल्डहॅमने, जॅगर आणि रिचर्ड्सला स्वयंपाकघरात कोंडलं आणि गाणं लिहिल्याशिवाय बाहेर यायचं नाही म्हणाला अशी कथा आहे. कोंडलं-बिंडलं असेल नसेल, पण ओल्डहॅमला एक गोष्ट स्वच्छ दिसली होती, की दुसऱ्याचं गाणं वाजवून नाव होतं आणि पैसा दुसऱ्याच्या घरी जातो. पुढे हे सगळं आपल्याकडेही आलं. त्याच्या आधी, क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा होता तेव्हा तिथल्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानोवर रेडिओवरची रॉक अँड रोल गाणीच वाजवायचा, गायकसुद्धा दुसराच मुलगा होता. आणि मुंबईत रंगभवनला रॉकचे कार्यक्रम व्हायचे त्या काळातल्या बँडवाल्यांना विचारा, ओरिजिनल वाजवायला घेतलं की पब्लिक कव्हरची, म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या गाण्याची, फर्माईश करणार, आणि कव्हर वाजवलं की दुसऱ्या दिवशी तेच पब्लिक म्हणणार, "ह्यांचं स्वतःचं काय आहे?" रॉक मशीनने ऐंशीच्या दशकात हट्टाने स्वतःची गाणी वाजवायला घेतली, पुढे त्याचंच इंडस क्रीड झालं, म्हणून आज त्यांचं नाव तरी निघतं. कव्हर वाजवणाऱ्यांत त्यांच्या तोडीचे वाजवणारे नव्हते असं अजिबात नाही.

आता माझं म्हणणं. लिहिणारा मोठा की वाजवणारा, हा प्रश्न आपण कानाने सोडवतच नाही. रेकॉर्डवर कंसात जे नाव छापलंय ते वाचून सोडवतो. आणि ते नाव कायद्याने आणि पैशाने ठरवलेलं असतं, तेही बरेचदा घाईत, कोणाच्या तरी ऑफिसात.

ते कसं चालतं बघा. एक गाणं रेकॉर्ड झालं की दोन वेगळ्या मालमत्ता तयार होतात. एक गाणं, म्हणजे ढोबळमानाने शब्द आणि चाल, आणि दुसरी ते प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. अमेरिकेत साध्या एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला काही नाही. खरंच काही नाही. ब्रिटन-युरोपात तसं नाही, इंटरनेटवरच्या रेडिओचं अमेरिकेतही वेगळं आहे, पण ज्या देशात हे संगीत जन्मलं आणि ज्या रेडिओवर ते वाढलं तिथला नियम हा.

या नियमात गायक जो कॉकर बसवून बघा, म्हणजे किती विचित्र आहे ते कळेल. शेफील्डचा पोरगा, गॅस फिटरचं काम केलेला. १९६७ मध्ये बीटल्सनी 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' केलं ते त्यांच्या ड्रमरसाठी, रिंगोसाठी, आणि रिंगोचा गळा काय आहे हे लेनन-मॅकार्टनीला पक्कं माहीत असल्यामुळे चाल जेमतेम पाच-सहा सुरांत फिरते, शेवटचा एक उंच सूर सोडला तर. छान, हलकं, मान डोलवायला लावणारं गाणं. आपल्या भाषेत सांगायचं तर केरव्यातलं. कॉकरने पुढच्या वर्षी ते उचललं आणि सरळ दादऱ्यात नेलं. सहा मात्रांचा झोका, लय खूप खाली. सुरुवातीला टॉमी आयरचा ऑर्गन एकटाच, चर्चमध्ये कोणी सकाळी लवकर येऊन वाजवत बसावं तसा, मग जिमी पेजची गिटार एकदम अंगावर येते, आणि मग ड्रम्स. ड्रम्सवर बी. जे. विल्सन आहे. तो प्रत्येक ठोका जरा उशिरा टाकतोय असं वाटत राहतं, म्हणजे आता पडेल, आता पडेल, आणि पडतो तेव्हा आपला खांदा आपोआप खाली जातो. मागे बायकांचा कोरस प्रश्न विचारतो आणि कॉकर उत्तर द्यायच्या ऐवजी ओरडतो. ती मधली किंचाळी! शब्द नाही, चाल नाही, नोटेशन काढायला गेलात तर हसू येईल. रिंगो हे गाणं म्हणतो तेव्हा तो मजेत असलेला माणूस आहे, कॉकर म्हणतो तेव्हा मित्र नसतील तर हा माणूस आज रात्र काढणार नाही अशी भीती वाटते. शब्द जवळजवळ तेच आहेत.

ऑगस्ट १९६९ ला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने हे शेवटी गायलं, तो हात वेडेवाकडे करत नसलेली गिटार वाजवतोय ते फुटेज सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. तर ह्या रेकॉर्डवर लेखक म्हणून नाव कोणाचं? लेनन-मॅकार्टनी. बरोबरच आहे, शब्द त्यांचे, चाल त्यांची. पण तो दादरा कोणाचा? तो उशिरा पडणारा ठोका, ती किंचाळी? अमेरिकन एफएमच्या हिशेबात ह्या सगळ्याची किंमत शून्य. मॅकार्टनीने स्वतः नंतर मोकळेपणाने कबूल केलंय, की कॉकरने त्या गाण्याचं पार वेगळंच काहीतरी करून टाकलं आणि आपण त्याबद्दल कायम ऋणी आहोत. ज्याने लिहिलं तोच म्हणतोय, आपण काय वेगळं सांगणार.

बी. जे. विल्सन ज्या बँडचा ड्रमर होता तो प्रोकॉल हारम, आणि या विषयातला सगळ्यात मोठा खटला त्याच बँडमधला. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल', १९६७. तुम्ही रॉक ऐकत नसाल तरी त्याचा सुरुवातीचा ऑर्गन तुम्ही ऐकलेला आहे, कुठल्या तरी लग्नात, जाहिरातीत, लिफ्टमध्ये. बाखच्या वळणाची ती धून ऑर्गनवाल्या मॅथ्यू फिशरने बसवली. रेकॉर्डवर नावं दोन, गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड. एक चाल-कॉर्डवाला आणि एक शब्दवाला. फिशर गप्प बसला, कुढला, आणि २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, कोर्टात गेला. २००६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं की ऑर्गनची धून हा रचनेचाच भाग आहे, संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा. २००८ मध्ये वरच्या कोर्टाने नाव ठेवलं पण एवढा उशीर केला म्हणून पैशाचा वाटा काढून घेतला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, तो परत दिला, खटला भरल्यापासूनच्या काळाचा. आधीची ३८ वर्षं गेली ती गेली.

मला या निकालातली एक गोष्ट फार आवडते. कोणीही ते गाणं गुणगुणायला लागलं की आधी ऑर्गनची धून गुणगुणतं, शब्द नंतर, ते आठवले तर (आणि कीथ रीडच्या त्या शब्दांचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका). तरी चार दशकं अधिकृतपणे ती धून 'गाण्यात' नव्हती, ती नुसती वाजवलेली होती. आणि गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर ड्रम्स वाजवले ते बँडच्याही माणसाने नाहीत, बिल आयडन नावाच्या सेशनवाल्याने, म्हणजे रेकॉर्डिंगपुरत्या बोलावलेल्या वादकाने, विल्सन नंतर आला. आयडनला सेशनचे पैसे मिळाले, विषय संपला.

तसंच क्लेअर टोरीचं. जानेवारी १९७३, रविवार, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड बँडकडे त्यांच्या रिचर्ड राइटच्या पियानोच्या कॉर्ड तयार होत्या, वर काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून ह्या मुलीला बोलावलं. शब्द नाहीत, चाल नाही, विषय मृत्यू. तिने आधी "ऊ बेबी" छापाचं काहीतरी सुरू केलं, ते नको म्हणाले. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाहीच, वाद्य आहोत, आणि दोन-अडीच टेकमध्ये जे गायली ते 'द ग्रेट गिग इन द स्काय'. रविवारचा दुप्पट रेट म्हणून ३० पौंड मिळाले. हे वापरतील असंही तिला वाटलं नव्हतं, दुकानात रेकॉर्ड बघितली तेव्हा कव्हरवर स्वतःचं नाव दिसलं. गायिका म्हणून. रचनाकार म्हणून फक्त राइट. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये आपसात मिटलं, आणि तेव्हापासून तिथे राइटच्या जोडीला टोरी छापलं जातं. आता हे आपल्या कोणाही गाण्यातल्या माणसाला सांगून बघा, की पेटीवाल्याने आधार दिला, बाई चार मिनिटं आलाप गायल्या, आणि आलाप पेटीवाल्याच्या नावावर लागला. तो आधी विचारेल, तुम्ही शुद्धीवर आहात ना?

पण आपणही फार शहाणे नाही, उगीच कॉलर ताठ नको. आपल्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी काय काय केलंय, शंकर-जयकिशनच्या मागे सेबॅस्टियन डिसूझांनी व्हायोलिनचे जे ताफे उभे केले, गायकाच्या ओळीला शेजारून जाणाऱ्या ज्या धुनी लिहिल्या, त्यांचं नाव किती वर्षं फक्त जाणकारांच्या तोंडी होतं. आणि गायकांच्या रॉयल्टीवरून साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांचं फाटलं ते सगळ्यांना माहीतच आहे. लताबाई म्हणत होत्या गायकाला रॉयल्टी हवी, रफीसाहेब म्हणत होते गायलं, पैसे घेतले, झालं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांचा दिलदारपणा मला कळतो, पण मुद्द्यावर लताबाईच बरोबर होत्या असं माझं मत. कायद्याला ते पटायला २०१२ ची दुरुस्ती उजाडली.

आता दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर हे सगळं "बिचारे वादक" असं रडगाणं होईल. 'द बँड' नावाच्याच बँडचा ड्रमर आणि गायक लेव्हन हेल्म. आर्कन्सॉचा, बँडमधला एकटा अमेरिकन, बाकी कॅनडाचे. गाणी जवळजवळ सगळी रॉबी रॉबर्टसनच्या नावावर. हेल्मने १९९३ च्या आत्मचरित्रात उघड तक्रार केली, की दक्षिणेच्या गोष्टी माझ्या, बोली माझी, वाजवणं पाचांचं आणि चेक एकाला. 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' लिहिण्याआधी मीच त्याला लायब्ररीत नेलं म्हणाला. हेल्मचा आवाज काढून त्या गाण्याचा विचार करून बघा, टोरांटोच्या माणसाने अमेरिकन यादवी युद्धावर केलेली एक हुशार कविता उरते. पण, आणि हा पण मोठा आहे, बसून लिहिलं रॉबर्टसनने. टूरवर सगळे दमून झोपलेत, पीतायत, आणि एक जण खोलीत कागद घेऊन बसलाय, हे काम कंटाळवाणं असतं, एकट्याचं असतं आणि दहातली नऊ पानं फेकायची असतात. बँडमध्ये ते करायला सहसा कोणी तयार नसतं. त्याची किंमत वेगळी असायलाच हवी. फक्त एवढी वेगळी? हेल्म म्हातारपणी घशाच्या कॅन्सरचं बिल भागवायला वुडस्टॉकच्या स्वतःच्या कोठारात कार्यक्रम करत होता. मी यात मनाने हेल्मच्या बाजूचा आहे, डोक्याने दोघांच्या मधे कुठेतरी.

यावर क्वीनचं औषध मला पटतं. १९७५ मध्ये 'बोहेमियन राप्सडी'ची सिंगल निघाली तिच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाडीच्या प्रेमावरचं गाणं होतं, ते मागे लागावं म्हणून तो रुसून कपाटात जाऊन बसला होता म्हणतात. लोकांनी रेकॉर्ड घेतली फ्रेडीसाठी, पण रेकॉर्डच्या दोन बाजू म्हणून लेखकाचे पैसे दोघांना सारखे. यावरून बँडमध्ये अनेक वर्षं धुसफूस. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर फक्त 'क्वीन' लिहायला सुरुवात केली, कोणीही लिहिलेलं असो. चार मोठे अहंकार एका खोलीत आणि त्यांना हे सुचलं, म्हणजे अवघड नाही.

न लिहिणाऱ्याचं खरं नुकसान पैशापेक्षा वेगळ्या जागी होतं असं मला वाटतं. त्याला कायम दुसऱ्याच्या दाराकडे बघत राहावं लागतं. कॉकरचंच बघा, पुढे १९८२ चं 'अप व्हेअर वी बिलाँग' चाललं, ग्रॅमी मिळालं, पण त्यानंतरचे कितीतरी अल्बम असे आहेत की आवाज तोच, खरवडून काढणारा, आणि गाणी अशी की ती इतर कोणीही गायली असती तरी चाललं असतं. लिंडा रॉनस्टॅटने जवळपास सगळं करिअर दुसऱ्यांच्या गाण्यांवर केलं, पण तिची निवड अशी होती की ती निवडच एक प्रकारचं लिहिणं होतं. हे सगळ्यांना जमत नाही.

आणि जेफ बेक. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं 'बेक्स बोलेरो' अधिकृतपणे जिमी पेजने लिहिलंय, रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी ओळ, माझी होती असं बेक म्हणायचा, दोघांचा वाद मिटला नाही तो नाहीच. १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो' मधलं सगळ्यांचं लाडकं 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' हे स्टीव्ही वंडरने आधी सिरीटा या गायिकेसाठी लिहिलेलं गाणं. बेकने त्यातले शब्दच काढून टाकले आणि गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर करंगळी ठेवून सूर असा आणला की तार छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, सूर नसतो आणि मग असतो. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि शब्द जरा उशिरा फुटतो, तसं. हे 'नुसतं वाजवणं' असेल तर मला आयुष्यभर नुसतंच ऐकायचंय.

पण त्याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम दुसरंच आहे आणि ते आपल्याकडच्या फार लोकांना माहीत नाही. ब्रिटिश-भारतीय संगीतकार नितीन सॉनीच्या १९९९ च्या 'बियाँड स्किन' अल्बममध्ये 'नादिया' आहे, गायल्यात स्वाती नाटेकर. शास्त्रीय तालमीचा गळा, मींड, मुरक्या, सगळं इलेक्ट्रॉनिक तालावर तरंगणारं. बेकला ते इतकं आवडलं की २००१ च्या अल्बममध्ये त्याने ते गिटारवर वाजवलं. आता गिटारच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या, दोन सुरांमधली जागा तिथे नसतेच. हा माणूस व्हॅमी बार, म्हणजे तारांचा ताण कमी-जास्त करणारा गिटारचा दांडा, हाताच्या तळव्यात धरून नेमका त्या नसलेल्या जागेत जातो, सुराच्या खालून येतो, वर जाऊन क्षणभर थांबतो, आणि नाटेकरांनी घेतलेल्या जागा एकेक करून शोधत जातो. दोन्ही रेकॉर्डवर रचना सॉनीची आहे, आणि ते रास्त आहे. ऑनलाइन दोन्ही सापडतात. आधी नाटेकरांचं ऐका, हेडफोनवर, मग लगेच बेकचं.